पाण्याची बाटली भरलेलीच परत येते

प्रश्न : ताई, नमस्कार. माझी मुलगी आठ वर्षांची आहे, तिसरीत शिकते. शाळेत तिचं नाव ‘शहाणी मुलगी’. अक्षर सुंदर, मार्क चांगले, कुणाशी भांडण नाही. घरात पाऊल टाकलं की मात्र ती ओळखू येत नाही. बूट भिंतीवर भिरकावते, बाथरूमकडे धावते, मग पलंगाखाली जाऊन पडते. धाकट्या भावाने नुसतं ‘ताई’ म्हणून हाक मारली तरी किंचाळते. कधी स्वतःचेच हात ओरबाडते. अर्धा-पाऊण तास हे चालतं, मंगळवारी आणि शुक्रवारी त्याहून जास्त. पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत आणते, त्यावरूनही मी तिला रागावले आहे. चार महिन्यांपूर्वी असेसमेंट झालं. ऑटिझम (लोकांत मिसळण्याची आणि आवाज, स्पर्श जाणवण्याची मेंदूची वेगळी घडण) आणि एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं अवघड जाणं) दोन्ही आहे असं रिपोर्टमध्ये आलं. तो घेऊन शाळेत गेले तर समुपदेशक म्हणाल्या, ‘आम्हाला इथे काहीच दिसत नाही. मार्क एवढे छान आहेत, मग मदत कशाला? घरी जरा शिस्त लावून बघा.’ नवरा रात्री उशिरा येतो, तोवर ती झोपलेली असते. त्यालाही वाटतं, मी राईचा पर्वत करते. आता माझा मलाच भरवसा वाटेनासा झालाय. चूक माझ्यात आहे का? शाळेकडे नेमकं मागू तरी काय? आणि मुलीला हे सगळं सांगू का?
— एक आई

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात. बाटली भरलेली परत येते, आणि घरी आल्याबरोबर मुलगी बाथरूमकडे धावते. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून वाचा. मला तरी त्यातून हेच दिसतं की ती शाळेत पाणी पीत नाही, कारण प्यायलं तर टॉयलेटला जावं लागेल. दिवसभर तहान मारून आणि लघवी दाबून ही मुलगी बाकावर बसते, आणि वर सुंदर अक्षरात लिहिते. तिला बाटलीवरून रागावलात त्याचं मनाला लावून घेऊ नका. मीही रागावले असते. पण उद्यापासून ती बाटली हा तुमचा पहिला पुरावा आहे.

ती टॉयलेट का टाळते ते मला इथून कळणार नाही. शाळेची परवानगी घ्या आणि मधल्या सुट्टीत, भरपूर मुलं असताना, तिथे पाच मिनिटं उभ्या राहा. वर न बघता नुसतं ऐका. फ्लशचा आवाज, नीट न लागणारी कडी, बाहेरून दारावर थापा मारणारी मुलं, जंतुनाशकाचा उग्र वास, हात वाळवायचं मशीन. या मशीनचं एक उदाहरण सांगते. कॅनडातल्या एका शाळकरी मुलीला वाटायचं की हे मशीन वापरलं की कान दुखतात. तिने 2015 ते 2017 या काळात सार्वजनिक स्वच्छतागृहांतली 44 मशीन आवाज मोजायच्या यंत्राने तपासली, तीही लहान मुलांचा कान जिथे येतो त्या उंचीवरून. काहींचा आवाज 100 डेसिबलच्या वर भरला. 2019 मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. मोठ्यांना एवढा त्रास होत नाही, कारण आपला कान वर असतो. ज्या मुलीची श्रवणसंवेदना मुळातच तीव्र आहे तिचं काय होत असेल, याचा विचार करा. आणि हो, लघवी रोज अशी रोखून धरल्याने मूत्रमार्गाचा संसर्ग होऊ शकतो, बद्धकोष्ठता वाढू शकते. डॉक्टरांच्या कानावर हे जरूर घाला.

आता ‘आम्हाला काहीच दिसत नाही’ याबद्दल. समुपदेशक खोटं बोलत नसतील. त्यांना खरंच दिसत नाही, कारण दिसू नये यासाठी तुमची मुलगी दिवसभर राबते. याला मास्किंग म्हणतात. शेजारची काय करते ते पाहून वही उघडायची, सगळ्या हसल्या की अर्धा क्षण उशिरा हसायचं, बाईंनी काय सांगितलं ते कळलं नसलं तरी मान डोलवायची, हात हलवावेसे वाटले तर मांडीखाली दाबून ठेवायचे. यात किती ताकद जाते ते मोठेपणी निदान झालेल्या असंख्य ऑटिस्टिक स्त्री-पुरुषांनी सांगून ठेवलंय. त्यांच्या अनुभवांवरून संशोधकांनी मास्किंग मोजायला 25 विधानांची एक प्रश्नावलीही बनवली, 2019 साली. मूल जिथे सुरक्षित असतं तिथेच हा बांध फुटतो. म्हणून तो तुमच्यासमोर फुटतो. तुमच्या घरात जे होतं ते शाळेतल्या दिवसाचंच शेपूट आहे.

मी बावीस वर्षं विशेष शिक्षिका आहे, पण हे मला कुठल्या कोर्समध्ये शिकायला मिळालं नाही. माझ्या मुलाने शिकवलं. तो दुसरीत असताना त्याच्या शाळेच्या शर्टांच्या उजव्या बाहीची कड चघळून चघळून दोऱ्यांवर आलेली असायची. मी गुपचूप शिवून टाकायचे. शाळेत विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘मजेत असतो.’ शेवटी एकदा मी न शिवलेले तीन शर्ट पिशवीत घालून मीटिंगला गेले आणि टेबलावर पसरले. वर्गशिक्षिकेने एक बाही हातात घेतली, बराच वेळ बोटाने चाचपली, आणि म्हणाली, ‘हा कायम तोंडापाशी हात धरून बसतो. मला वाटायचं, विचार करतोय.’ त्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी पाहिलं होतं, फक्त काय पाहतोय ते त्यांना कळलं नव्हतं. त्या दिवसापासून मी कुठल्याच मीटिंगला रिकाम्या हाताने गेले नाही.

चूक तुमच्यात आहे का, असं तुम्ही विचारलंय. नाही. हा आरोप आयांवर फार जुना आहे, म्हणून थोडा इतिहास सांगते. लिओ कॅनर या मनोविकारतज्ज्ञाने 1943 मध्ये 11 मुलांचं वर्णन करून ऑटिझम जगापुढे मांडला. त्यात 8 मुलगे होते, 3 मुली. 1949 मध्ये त्यांनीच लिहिलं की ही मुलं जणू फ्रीजमध्ये ठेवल्यासारखी वाढतात, आईबापांत ऊब नसते. पुढची कित्येक वर्षं ‘रेफ्रिजरेटर मदर’ हा शिक्का आयांच्या कपाळी बसला. तो खोडायला बर्नार्ड रिमलँड उभे राहिले, स्वतः मानसशास्त्रज्ञ आणि ऑटिस्टिक मुलाचे वडील. कारण जैविक आहे, आईच्या मायेशी त्याचा संबंध नाही, हे त्यांनी 1964 मध्ये पुराव्यांसह मांडलं. 1969 मध्ये पालकांच्याच सभेत खुद्द कॅनर यांनी आईवडिलांना जाहीरपणे दोषमुक्त केलं. इतकं सगळं होऊनही तुम्हाला आज ‘शिस्त लावून बघा’ ऐकावं लागतं, याचा मला मनापासून राग येतो.

शाळेकडे काय मागायचं त्याआधी, मागायचं कसं ते सांगते. दोन-तीन आठवडे एक वही ठेवा. तारीख, वार, त्या दिवशी शाळेत काय होतं, घरी आल्यावर किती वाजता सुरू झालं, किती वेळ चाललं, कशाने शांत झाली, बाटलीत किती पाणी उरलं. रोज दोन ओळी पुरेत. मंगळवार आणि शुक्रवार जड जातात हे तुम्ही आधीच टिपलंय. आता वेळापत्रक समोर घ्या आणि त्या दोन दिवशी असं काय असतं जे इतर दिवशी नसतं ते शोधा. खेळाचा तास? मोठ्या हॉलमधली सभा? वर्ग बदलणं? गटात काम? बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं. एक विनंती मात्र करते. मुलगी पलंगाखाली किंचाळत असतानाचा व्हिडिओ काढून शाळेला दाखवू नका. कुणी सुचवलं तरी नको. उद्या ती त्याच वर्गात जाऊन बसणार आहे. डॉक्टरांनी मागितला तर गोष्ट वेगळी, तेव्हाही त्यांना दाखवून झाला की पुसून टाका.

वर्गशिक्षिकेला ‘काही त्रास आहे का?’ असं विचारू नका, ‘नाही’ हेच उत्तर येईल. असं विचारा : मधल्या सुट्टीत ती कुठे असते आणि कुणाबरोबर? दिवसभरात टॉयलेटला जाते का? सूचना दिल्यावर लगेच सुरुवात करते की आधी आजूबाजूला बघते? नवीन शिक्षक आले त्या दिवशी ती कशी होती? स्वतःहून मदत मागितल्याचं शेवटचं कधी आठवतं? या प्रश्नांची उत्तरं देण्यासाठी शिक्षकांना मुलीकडे नव्याने बघावं लागतं, आणि एकदा बघितलं की त्यांचं मत बदलायला लागतं.

मग लेखी पत्र द्या आणि मीटिंग मागा. ‘मार्क चांगले आहेत’ यावर एक ठोस उत्तर तुमच्याजवळ असू द्या. निदानासाठी जगभर वापरली जाणारी जी पुस्तिका आहे, डीएसएम-5, तिच्या 2013 च्या आवृत्तीत स्वच्छ म्हटलंय की ऑटिझमची लक्षणं शिकून घेतलेल्या युक्त्यांनी झाकलेली असू शकतात, आणि लोकांत वावरण्याच्या अपेक्षा कुवतीबाहेर गेल्यावरच पूर्ण उघड होऊ शकतात. म्हणजे ‘दिसत नाही’ हे निदानाच्या विरोधात जात नाही. दुसरं, संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर 2006 मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार मंजूर केला. त्याचं कलम 24 शिक्षणाबद्दल आहे. प्रत्येक मुलाच्या गरजेप्रमाणे शाळेने वाजवी बदल करावेत असं ते सांगतं, आणि असे बदल नाकारणं हा भेदभाव धरला जातो. त्यात मार्कांची अट कुठेही नाही. मदतीच्या आराखड्याला प्रत्येक ठिकाणी वेगळं नाव असतं, अर्जाचे नियमही वेगळे असतात. तुमच्याकडचे नियम शाळेकडून लेखी मागून घ्या, तोंडी सांगितलेल्यावर विसंबू नका.

आराखड्यात ‘विशेष लक्ष दिले जाईल’ असं लिहून आलं तर सही करायची घाई करू नका. कोण देईल, केव्हा, आठवड्यातून कितीदा, आणि उपयोग होतोय का हे कुठल्या तारखेला बघायचं, या चार गोष्टी नसतील तर त्या वाक्याला काही अर्थ नाही. तुमच्या मुलीसाठी मी सुरुवातीला फार थोडं मागेन. सुट्टीची घंटा व्हायच्या पाच मिनिटं आधी, रिकाम्या टॉयलेटला जायची मुभा. भिंतीलगतची, रोज तीच जागा. तोंडी सूचना फळ्यावर किंवा चिठ्ठीवरही लिहिलेली. शिक्षक बदलणार असतील, वर्ग बदलणार असेल, तर आदल्या दिवशी तुम्हाला निरोप. मंगळवारी-शुक्रवारी जड जाणाऱ्या तासानंतर दहा मिनिटं शांत जागा.

या शेवटच्या गोष्टीत एक गोम आहे. शाळा बहुधा एक कार्ड देतात, ‘त्रास झाला की हे दाखव आणि बाहेर जा.’ बिनधास्त मुलांना ते कार्ड उपयोगी पडतं. मास्किंग करणारी मुलगी ते कधीही दाखवणार नाही, कारण चारचौघांत उठून दिसू नये यासाठीच तर तिची सगळी धडपड असते. कार्ड दप्तरात पडून राहतं आणि महिन्याने शाळा म्हणते, ‘बघा, गरजच पडली नाही.’ म्हणून पुढाकार मोठ्या माणसाने घ्यायचा. ठरलेल्या वेळी बाईंनी तिच्या हातात एक फाइल द्यायची आणि वाचनालयात पोचवायला सांगायची. तिथे दहा मिनिटं बसून ती परत येईल. वर्गाच्या दृष्टीने ती काम करून आली. माझ्या एका विद्यार्थिनीने अशी एकच रिकामी फाइल वर्षभर इकडून तिकडे नेली, आणि घरचं रडणं निम्म्यावर आलं असं तिच्या आईने मला सांगितलं.

मीटिंग संपली की त्याच संध्याकाळी ईमेल करा. ‘आज आपलं असं असं ठरलं, काही राहिलं असेल तर कळवावं.’ एवढंच. माणसं बदलतात, शिक्षकांच्या बदल्या होतात, ईमेल राहतो.

घरी आल्यानंतरचा पहिला पाऊण तास पूर्णपणे तिला देऊन टाका. ‘आज काय झालं?’ हा प्रश्नसुद्धा नको, अभ्यास तर नकोच. त्या वेळेला धाकट्याला दुसऱ्या खोलीत काहीतरी करायला द्या. त्यालाही सांगा, ताईचे कान दमलेत. पलंगाखाली जाते तर जाऊ द्या. उलट तिथे एक उशी आणि जड पांघरूण ठेवा, अंधारी, अरुंद जागा तिने स्वतः शोधलेली औषधाची जागा आहे. ती ओरडत असेल तेव्हा समजावू नका, त्या क्षणी तिला शब्द ऐकू येत असले तरी पोचत नाहीत. जवळ, पण हाताच्या अंतरावर बसा. हात ओरबाडते तेव्हा हात धरून ठेवण्याऐवजी दाबायला, पिळायला काहीतरी द्या. जखमा होत असतील किंवा वाढत असतील तर असेसमेंट केलेल्या तज्ज्ञांना लगेच कळवा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

नवऱ्याला पत्र, रिपोर्ट, लेख वाचायला देऊन फार फरक पडत नाही, हा माझा अनुभव. त्यांना महिन्यातून एका मंगळवारी सुट्टी घ्यायला लावा आणि मुलीला आणायला त्यांना पाठवा. तुम्ही त्या वेळी घरात नसा.

मुलीला सांगू का? हो, सांगा. आपल्यात काहीतरी वेगळं आहे हे तिला केव्हाच कळलंय, आणि त्यासाठी तिने स्वतःच एखादा शब्द शोधला असेल, तो बहुतेक ‘मी वाईट’ असा असेल. त्या जागी खरा शब्द द्यायचा. एकदाच समोर बसवून मोठं भाषण नको. शांत दिवशी, दोघी काहीतरी करत असताना, थोडं थोडं सांगा. ‘तुझे कान बारीक आवाजही मोठे ऐकतात. बऱ्याच लोकांचे तसे असतात. त्याला ऑटिझम म्हणतात. म्हणून शाळेतून आलीस की तू एवढी दमतेस.’ मग गप्प बसा. माझ्या मुलाला मी सांगितलं तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्याने एकच प्रश्न विचारला, ‘मग हे बाईंना माहीत आहे का?’ तुमच्या मुलीनेही असंच काही विचारलं, तर त्या वेळी ‘हो’ म्हणता यावं. म्हणून आधी शाळेचं पत्र, मग हे बोलणं, असा क्रम ठेवा.

प्रश्न : माझ्या बारा वर्षांच्या मुलाला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचायला-लिहायला फार कष्ट पडतात. बऱ्याच खटपटीने परीक्षेत जादा वेळ आणि प्रश्न वाचून दाखवणारी व्यक्ती मिळाली. आता तोच नको म्हणतो. ‘मला वेगळ्या खोलीत बसवतात, सगळे विचारतात,’ असं म्हणतो. जबरदस्ती करावी का?
— एक वडील

उत्तर : जबरदस्ती नको. पण त्याच्या ‘नको’मध्ये दोन गोष्टी मिसळल्यात, त्या आधी वेगळ्या करा. त्याला मदत नको आहे की ती वेगळी खोली नको आहे? तुम्ही लिहिलंय त्यावरून खोलीचाच प्रश्न दिसतो, आणि तो सोडवता येतो. शाळेला विचारा की त्या खोलीत आणखी दोन-तीन मुलं बसू शकतील का. प्रश्न वाचून दाखवायला माणसाऐवजी संगणक आणि हेडफोन चालतील का. चाचण्यांतही हीच पद्धत ठेवता येईल का, म्हणजे मोठ्या परीक्षेत ती नवलाईची राहणार नाही. मित्रांनी विचारलं तर काय सांगायचं, त्याचं एक वाक्य दोघांनी मिळून तयार करा. ‘मला वाचायला वेळ लागतो, उत्तरं येतात,’ एवढं पुरतं.

मुलांमधल्या डिस्लेक्सियाचं एक अगदी सुरुवातीचं वैद्यकीय वर्णन प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी 1896 मध्ये लिहिलं. त्यातला पर्सी नावाचा मुलगा 14 वर्षांचा होता, हुशार होता, पण त्याला वाचता येत नव्हतं. त्याला काही वर्षं शिकवणाऱ्या मास्तरांचं म्हणणं डॉक्टरांनी नोंदवून ठेवलंय, की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरला असता. मुलाला ही गोष्ट सांगा. मग घरी दोन सारख्या प्रश्नपत्रिका घ्या. एक त्याने स्वतः वाचून सोडवायची, दुसरी तुम्ही वाचून दाखवायची, दोन्हींना वेळ सारखा. मार्क त्यालाच मोजू द्या, आणि पुढच्या परीक्षेत काय घ्यायचं ते त्यालाच शाळेला सांगू द्या. बारा वर्षांच्या मुलाला मीटिंगमध्ये खुर्ची मिळायला हवी. आजवर त्याला बोलावलं नसेल तर या खेपेला बरोबर घेऊन जा.